किती सैल, किती घट्ट: घरच्या घरी मोटारसायकलची देखभाल

मोटारसायकलची देखभाल घरी शिकायला बसलेल्या माणसाच्या हातात पाना आला की त्याला प्रत्येक गोष्ट आवळावीशी वाटते. चेन लोंबते आहे, आवळा. क्लचची वायर सैल लागते, आवळा. मागच्या ब्रेकचे पॅडल फार खाली जाते, तेही आवळा. गेल्या काही महिन्यांत मी जे शिकले त्याचा गाभा याच्या जवळजवळ उलट आहे. नवशिक्याने घरी करण्यासारखी जी कामे आहेत, त्यांतील बरीचशी ठरावीक मापाची सैल जागा राखण्याची कामे आहेत, आणि ती जागा किती असावी हे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत मिलिमीटरमध्ये छापलेले असते. ही पुस्तिका बहुतेक घरांत आरसी आणि विम्याच्या कागदांसोबत कपाटात पडून असते. ती आधी बाहेर काढावी आणि मग पाने विकत आणावेत, असे माझे ठाम मत झाले आहे.

मी नाशिकच्या इंदिरानगरला राहते आणि नोकरीसाठी रोज सिन्नरला जाते. जाऊनयेऊन साठ किलोमीटरच्या आसपास अंतर पडते, म्हणजे महिन्याला साधारण दीड हजार किलोमीटर. शंभर सीसीच्या साध्या गाडीच्या चेनला दर पाचशे किलोमीटरला वंगण द्यावे असे धरले, तर हे काम माझ्या वाट्याला दर दहा दिवसांनी येते. दर दहा दिवसांनी गॅरेजला जाऊन रांगेत गाडी लावणे नोकरी करणाऱ्या कोणालाच शक्य नाही, आणि सर्व्हिसिंगच्या दोन तारखांमधल्या काळात चेन मात्र रोज वाटेतला मोहदरीचा घाट चढत असते. पैसे वाचवण्याचा मुद्दा यात फारसा नाही. ज्या कामाची वेळ गॅरेजच्या वेळापत्रकात बसत नाही, ते काम गाडी चालवणाऱ्यानेच केले पाहिजे, एवढाच माझा हिशेब होता.

शिकवणारे मात्र मला फार चांगले मिळाले. आमच्याच इमारतीत राहणारे एक काका सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते आणि आता निवृत्त झाले आहेत. नाशिकमध्ये अशी माणसे बऱ्याच इमारतींत सापडतील. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींनी या शहराला माप घेतल्याशिवाय बोल्टला हात न लावणारी एक पिढीच दिली आहे. काकांनी पहिल्या रविवारी मला पाना लावूच दिला नाही. "अगं, आधी मोज, मग पाना लाव," असे म्हणून त्यांनी हातात सहा इंची स्टीलची पट्टी दिली.

पहिले मोजमाप चेनचे होते. माझ्या गाडीला चेनवर पूर्ण कव्हर आहे आणि त्या कव्हरच्या खालच्या बाजूला रबराचे एक गोल बूच असते. गाडी डबल स्टँडवर घेऊन, न्यूट्रलमध्ये ठेवून आणि किल्ली काढून घेऊन ते बूच काढले की आत चेनचा खालचा पदर दिसतो. बोटाने तो वर ढकलायचा, मग खाली ओढायचा, आणि या दोन टोकांमधले अंतर पट्टीवर वाचायचे. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत हे अंतर २० ते ३० मिलिमीटर दिले आहे. एकाच जागी मोजून भागत नाही, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. मागचे चाक हाताने थोडे थोडे फिरवत जावे, जिथे चेन सर्वांत ताणलेली लागेल ती जागा शोधावी आणि माप तिथेच घ्यावे. माझ्या चेनमध्ये एका जागी आणि तिच्या समोरच्या जागी चांगलाच फरक होता. सर्वांत सैल जागी माप घेऊन चेन आवळली असती, तर चाक अर्धा फेरा फिरताच ती दोरीसारखी ताठ झाली असती.

तीन सेंटिमीटर म्हणजे मला फारच वाटले. "काका, एवढी सैल राहू द्यायची?" असे मी विचारले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले नाही, गाडी स्टँडवरून उतरवायला लावली, स्वतः हँडल धरले, माझ्या भावाला गाडीवर बसवले आणि त्याच्या मागे आईला बसायला सांगितले. मग म्हणाले, "आता मोज." तीच चेन, तीच जागा, आणि सैलपणा बोटाला स्पष्ट जाणवेल इतका कमी झालेला होता. याचे कारण गाडीच्या रचनेत आहे. मागचे चाक ज्या आडव्या दांड्यावर, म्हणजे स्विंगआर्मवर बसलेले असते, तो दांडा खड्ड्यात वर-खाली होतो आणि त्याची बिजागरी इंजिनाकडच्या छोट्या चक्राच्या थोडी मागे असते. त्यामुळे छोटे चक्र, ही बिजागरी आणि मागच्या चाकाचा ॲक्सल, म्हणजे चाकाच्या मधून जाणारा दांडा, या तिन्ही गोष्टी एका रेषेत आल्या की दोन्ही चक्रांमधले अंतर सर्वांत जास्त होते. गाडी स्टँडवर असताना चाक खाली लोंबत असते. माणसे बसली आणि चाक खड्ड्यातून उसळून वर आले की ते या रेषेजवळ येते. स्टँडवर दिसणारा सैलपणा हा त्या क्षणासाठी राखून ठेवलेला असतो. तो राखला नाही तर चेन स्वतःच ताणली जाते आणि तिचा ओढा गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर पडतो. उलट बाजूने, फार सैल सोडली तर ती कव्हरवर खडखडते आणि एखाद्या धक्क्याला दात सोडून उतरते. चालत्या गाडीत चेन उतरून चाकाशी अडकणे ही जिवावर बेतणारी गोष्ट आहे.

चेन मापात आणण्याचे काम वाटते तेवढे अवघड नाही, पण त्यात क्रम चुकवून चालत नाही. मागच्या ॲक्सलचा नट सैल करायचा, ब्रेकच्या पॅनेलला धरून ठेवणाऱ्या पट्टीचा नट थोडा मोकळा करायचा, आणि मग चाक मागे-पुढे सरकवणारे दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवायचे. डावीकडे अर्धा फेरा दिला तर उजवीकडेही अर्धाच. दोन्ही बाजूंना स्विंगआर्मवर खुणांच्या रेघा कोरलेल्या असतात. डाव्या बाजूचा दर्शक ज्या रेघेवर आहे त्याच रेघेवर उजवीकडचा असला पाहिजे, नाहीतर चाक तिरके बसते, चेन एका कडेने घासत राहते आणि गाडी एका बाजूला ओढू लागते. ॲक्सलचा नट पुन्हा आवळला की चेनचे माप किंचित बदलते, म्हणून शेवटी पुन्हा एकदा पट्टी लावावीच लागते.

यापुढचा भाग बहुतेक ठिकाणी सांगितला जात नाही, म्हणून तो मी मुद्दाम लिहिते. चेन ताणण्यासाठी चाक मागे सरकवले की मागचा ड्रम ब्रेकही चाकाबरोबर मागे जातो, आणि पॅडलपासून ब्रेकपर्यंत आलेला लोखंडी गज आपोआप ओढला जातो. म्हणजे चेनचे काम करता करता ब्रेक नकळत आवळला जातो. पॅडलला दाबल्यावर ब्रेक लागायला सुरुवात होईपर्यंत २० ते ३० मिलिमीटरची मोकळी हालचाल राहिली पाहिजे. ती संपली तर ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे तुकडे, सतत ड्रमला घासतात, ड्रम तापतो, ॲव्हरेज कमी होते आणि लांबच्या उतारावर ब्रेकची पकड कमी पडू लागते. चेनला हात लावल्यावर ब्रेकचा नट तपासल्याशिवाय आणि चाक हाताने मोकळे फिरते याची खात्री केल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. ब्रेकचा दिवा पॅडल दाबताच लागतो का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. ब्रेकच्या पॅनेलवर एक छोटा बाण आणि त्याच्यासमोर खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत पोहोचला की शू संपले, मग नट कितीही आवळला तरी उपयोग नाही.

वंगणाविषयी सगळ्यांचे वेगवेगळे सल्ले असतात. माझ्या साध्या चेनसाठी मी घासलेट, जुना टूथब्रश आणि एसएई ९० या जाडीचे गिअर ऑइल एवढेच वापरते. घासलेट न मिळाल्यास चेन क्लीनरचा स्प्रे चालतो. पेट्रोल मात्र कधीही वापरू नये, कारण बंद पार्किंगमध्ये त्याची वाफ साचते आणि एका ठिणगीने आग लागू शकते. चेन आधी स्वच्छ पुसून कोरडी करायची, मग खालच्या पदराच्या आतल्या बाजूला थेंब थेंब तेल सोडत चाक हाताने उलटे फिरवायचे. आतल्या बाजूने सोडलेले तेल चेन पळू लागली की बाहेरच्या बाजूला फेकले जाते आणि वाटेत पिनांपर्यंत पोहोचते. थोडा वेळ थांबून वरचे जास्तीचे तेल फडक्याने पुसून घेतलेच पाहिजे. कांद्याच्या हंगामात सिन्नरच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेली शेतातली माती पसरलेली असते. ओल्या चेनवर ती बसली की तेल आणि धूळ मिळून लोखंड घासणारा लगदा तयार होतो. पावसाळ्यात तर हे काम मी दहा दिवसांची वाट न पाहता करते. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्र्यंबक, इगतपुरीकडे त्याच्या कितीतरी पट. तिकडून एक चक्कर मारून आलेल्या गाडीची चेन दुसऱ्या दिवशी सकाळी तांबूस दिसते.

एक गोष्ट कळकळीने सांगते. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडके लावून ती साफ करणारे लोक मी पाहिले आहेत. फडके चेन आणि चक्राच्या मध्ये ओढले जायला एक क्षण पुरतो आणि त्याच्यामागून बोटे जातात. चाक हातानेच फिरवावे, किल्ली खिशात ठेवावी.

क्लचचा न्याय चेनसारखाच आहे. लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटरची मोकळी हालचाल असावी लागते. ती मुळीच नसली तर क्लच कायम किंचित दाबलेला राहतो, प्लेटा एकमेकींवर घसरतात, आणि मोहदरीच्या चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी त्या मानाने ओढत नाही. फार जास्त असली तर लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच सुटत नाही. द्वारका चौकाच्या गर्दीत न्यूट्रल सापडत नाही म्हणून त्रासलेल्या चालकाने गिअरबॉक्सवर संशय घेण्याआधी ही वायर पाहावी. ॲडजस्टर लिव्हरजवळही असतो आणि इंजिनाजवळही असतो. वायरच्या टोकाच्या गोळीजवळ एखादी तार तुटून वर आलेली दिसली, तर वायर बदलायची. अशा वायरला तेल देऊन दिवस काढू नयेत.

सैल ठेवण्याच्या गोष्टी झाल्या, पण ज्या खरोखर आवळायच्या असतात त्यांनाही माप आहे, आणि इथेच नवशिक्याचा हात सर्वांत जास्त नुकसान करू शकतो. इंजिन ऑइल काढण्याचा खालचा बोल्ट पोलादी असतो आणि तो ज्या भागात बसतो ते इंजिनाचे आवरण ॲल्युमिनियमचे. पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्यात जोराची परीक्षा झाली की ॲल्युमिनियमचे आटे जातात. आटे गेले की ऑइल गळते आणि मग नवे आटे पाडून घेण्याचे किंवा आवरणच बदलण्याचे मोठे काम निघते. माझ्या गाडीच्या या बोल्टला सुमारे २५ न्यूटन मीटर (आवळण्याचा जोर याच एककात मोजतात) एवढाच जोर लागतो. हा आकडा वाचून हाताला काहीच समजत नाही, आणि चांगला टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, प्रत्येकाच्या घरी असण्याची शक्यता नाही. काकांनी यावर जो उपाय दाखवला तो मला फार आवडला.

या बोल्टला १७ नंबरचा पाना लागतो आणि १७ नंबरच्या रिंग पान्याची लांबी साधारण पाव मीटर असते. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला काटकोनात १० किलोच्या वजनाइतका ओढा दिला की जवळपास २५ न्यूटन मीटरचा जोर होतो. प्रवासाची बॅग तोलायचा आकड्याचा काटा घरी होताच. त्याचा आकडा पान्याच्या दुसऱ्या टोकात अडकवून मी सावकाश ओढू लागले आणि काटा दहावर येताच काका म्हणाले, "बस, थांब. हाताला लक्षात ठेवायला सांग." तो जोर आश्चर्य वाटावे इतका कमी होता. पायाने पान्यावर दाब देऊन बोल्ट आवळणारा माणूस याच्या कितीतरी पट जोर लावत असतो. ॲक्सलच्या नटाला मात्र याच्या दुपटीच्या आसपास जोर लागतो, आणि तो कमी पडून चालत नाही. म्हणून घरी काम झाल्यावर मी ॲक्सलचा नट एकदा गॅरेजमध्ये टॉर्क रेंचने तपासून घेते. स्पार्क प्लगचा प्रकार आणखी नाजूक. तो आधी बोटांनीच पूर्ण टेकेपर्यंत फिरवावा, म्हणजे आटे तिरके चढत नाहीत. मग नवा प्लग असेल तर पान्याने अर्धा फेरा, आणि तोच प्लग साफ करून परत बसवायचा असेल तर पाव फेऱ्याच्या आतच थांबावे.

ऑइल बदलताना इंजिन काही मिनिटे चालवून कोमट करावे, म्हणजे ऑइल पातळ होऊन गाळासकट खाली येते. बोल्टखालची वॉशर दर वेळी नवी घालावी. ती चेपून बसते आणि तिच्यामुळेच कमी जोरात गळती थांबते. ऑइलचा डबा घेताना त्यावर "जासो एमए" किंवा "एमए टू" असे, म्हणजे मोटारसायकलच्या ऑइलचे मानक, लिहिलेले आहे का ते पाहावे. बहुतेक मोटारसायकलींत क्लचच्या प्लेटा इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात, आणि चारचाकीसाठीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी जी द्रव्ये घातलेली असतात, त्यांच्यामुळे या प्लेटा घसरू लागतात. महाग ऑइल म्हणजे चांगले ऑइल, असा हिशेब इथे चालत नाही. पातळी पाहतानाही पुस्तिकेवरच विसंबावे: काही गाड्यांत मोजायची पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते, आणि फिरवून पाहिली तर पातळी खोटीच जास्त दिसते.

काढलेले जुने ऑइल कुठे जाते, याबद्दल मला विशेष तळमळ आहे. आमच्या भागातली गटारे आणि नाले नंदिनी नदीकडे उतरतात आणि नंदिनी पुढे गोदावरीला मिळते. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेल्या ऑइलचा समावेश आहे, आणि ते नियम बाजूला ठेवले तरी ज्या गोदेवर आपण कुंभ भरवतो तिच्यात लिटरभर काळे ऑइल सोडणे आपल्या हातून होऊ नये. मी ते गाळणीने त्याच रिकाम्या डब्यात भरते आणि गॅरेजमध्ये नेऊन त्यांच्या पिंपात ओतते. जुने ऑइल गोळा करणारे त्यांच्याकडे येतातच. ते चेनला लावण्याचा सल्लाही कोणी देतो. त्यात धातूची बारीक चूर असते, म्हणून मी तो मानत नाही. काम करताना हातमोजे घालावेत, हे मात्र सगळ्यांनी मानावे.

टायरमधल्या हवेबद्दल एवढेच की ती सकाळी, टायर थंड असताना मोजावी. तीस किलोमीटर महामार्गावर पळून आलेल्या टायरमध्ये आकडा वाढलेलाच दिसतो आणि तो पाहून हवा कमी केली, तर रात्री टायर मऊ झालेला असतो. माझ्या गाडीला पुढे २५ आणि एकटीने जाताना मागे २८ पीएसआय लागतात.

काही कामांना मी हात लावत नाही आणि नवशिक्याने लावू नये असे मला वाटते. डिस्क ब्रेकचे तेल हे त्यांतले पहिले. ते हवेतले पाणी शोषून घेते, रंगावर पडले तर रंग सोलते, आणि नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तर लिव्हर हातात नुसती मऊ दबते. असे काम जाणते माणूस शेजारी असल्याशिवाय करू नये. पुढचे शॉकअप खोलणे हे दुसरे. ड्रम ब्रेक उघडला तरी आतली धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या झोताने उडवू नये; ओल्या फडक्याने पुसावी आणि तोंडावर मास्क ठेवावा.

टॅपेटचे, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हजवळची फट मापात ठेवण्याचे काम मात्र मला शिकायचेच आहे. इंजिन तापले की व्हॉल्व्हची दांडी लांबते आणि तिला लांबायला जागा असावी म्हणून तिथे फट राखलेली असते. माझ्या गाडीत ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आहे. फट कमी पडली तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो, जास्त झाली तर टिकटिक ऐकू येते, म्हणून टिकटिक करणारे इंजिन पूर्ण गप्प असलेल्यापेक्षा कमी घाबरण्यासारखे, असे काका सांगतात. त्यांनी त्यांचे फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, मला देऊन टाकले आहे. आमच्या नेहमीच्या मेकॅनिकनेही शेजारी उभे राहून पाहायला परवानगी दिली आहे. फक्त हे माप पूर्ण थंड इंजिनावरच घ्यावे लागते, म्हणून गाडी शनिवारी रात्रीच गॅरेजला आणून ठेवा आणि सकाळी कोणालाही किक मारू देऊ नका, असे त्यांनी बजावले आहे.